आरोग्यसेवा वस्तीची, निर्णयही वस्तीचा

एचआयव्हीचा संसर्ग होण्याआधीच तो रोखणाऱ्या ‘प्रेप’ या गोळीला अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये मान्यता मिळाली. नियमितपणे घेतल्यास शरीरसंबंधांतून होणारा संसर्ग ती जवळजवळ पूर्णपणे टाळते. दहा वर्षांनी, २०२२ साली, तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला, तेव्हा या गोळीची गरज असलेल्या गोऱ्या लोकांपैकी ९४ टक्क्यांपर्यंत ती पोहोचलेली होती. लॅटिन अमेरिकी वंशाच्या, म्हणजे लॅटिनो, लोकांत हे प्रमाण २४ टक्के आणि कृष्णवर्णीयांत १३ टक्के होते. त्याच वर्षी देशात अंदाजे ३१,८०० नवे संसर्ग झाले आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश लॅटिनो लोकांत झाले. देशाच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र तेव्हा एक पंचमांशाहूनही कमी होता. या संसर्गांत समलिंगी आणि उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांचेही आकर्षण असलेल्या) पुरुषांची संख्या सर्वांत मोठी आहे.

या तफावतीची कारणे सांगताना सरकारी अहवाल बहुतेक वेळा लोकांकडेच बोट दाखवतात. जागृती कमी आहे, भाषेची अडचण आहे, धर्माचा आणि कुटुंबाचा पगडा आहे, लोक दवाखान्यात येतच नाहीत, असे सांगितले जाते. यातली एकही गोष्ट खोटी नाही, पण त्यांतून तफावतीचा उलगडाही होत नाही, कारण याच भाषेच्या, याच धर्माच्या आणि याच कुटुंबांतल्या लोकांनी आपल्या आरोग्याचे काम स्वतःच्या हाती घेतले, तेव्हा ते आले, टिकले आणि त्यांनी इतरांनाही आणले, असा पुरावा एकाच शहरातून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वारंवार मिळालेला आहे. ते शहर सॅन फ्रान्सिस्को आणि ती वस्ती मिशन. तिथल्या क्वीअर लॅटिनो लोकांनी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) लोकांनी, उभ्या केलेल्या संस्थांना सार्वजनिक पैसा मिळाला. परंतु तो चाचण्या, गोळ्या आणि पत्रके पोहोचवणाऱ्या कंत्राटदाराला मिळावा तसा मिळाला, आणि मोजदाद पुरेशी भरली नाही किंवा वरचे धोरण बदलले की तो आटला. माझे म्हणणे असे, की अशा संस्था ही शहराची कायमची आरोग्यव्यवस्था मानली पाहिजे, त्यांच्या जागेचा आणि माणसांचा खर्च दीर्घ मुदतीसाठी उचलला पाहिजे, आणि काय करायचे याचा निर्णय त्यांच्याकडे असला पाहिजे.

मिशन आणि कॅस्ट्रो या दोन वस्त्या एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. सत्तरच्या दशकात कॅस्ट्रो ही समलिंगी पुरुषांची वस्ती म्हणून जगभर गाजली; मात्र तिथल्या काही बारच्या दारात सावळ्या वर्णाच्या ग्राहकाकडे एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रे मागितली जात. मिशनमध्ये स्पॅनिश बोलणारी मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी कुटुंबे राहत, आणि तिथे समलिंगी असल्याचे उघड बोलणे अवघड होते. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत १९७५ साली गे लॅटिनो अलायन्स ही संघटना उभी राहिली, आणि १९७९ साली सोळाव्या रस्त्यावर एस्ता नोचे हा बार सुरू झाला. तो २०१४ पर्यंत चालला. आरोग्यखात्याच्या कोणत्याही नकाशावर या बारची नोंद नव्हती, पण पुढे एड्सची साथ आली तेव्हा निरोप देण्याची, वर्गणी गोळा करण्याची आणि मेलेल्यांसाठी रडण्याची जागा तीच ठरली.

साथ आली तेव्हा शहराने केलेले काम कौतुकास्पद होते, हे मान्यच करायला हवे. १९८३ साली सार्वजनिक रुग्णालयात वॉर्ड ८६ हे देशातले पहिले बाह्यरुग्ण एड्स केंद्र सुरू झाले. रुग्णालय, घरपोच शुश्रूषा आणि स्वयंसेवकांचे जाळे यांची सांगड घालणाऱ्या या पद्धतीला ‘सॅन फ्रान्सिस्को मॉडेल’ असे नाव पडले आणि इतर शहरांनी ती उचलली. परंतु या पद्धतीने मनाशी धरलेला रुग्ण इंग्रजी बोलणारा होता, मित्रांसोबत राहणारा होता, आपण कोण आहोत हे जगाला सांगितलेला होता. आई-वडील आणि भावंडांसह दोन खोल्यांत राहणारा, रात्री उपाहारगृहात भांडी घासणारा, कागदपत्रे नसलेला आणि घरी काहीही न सांगितलेला तरुण तिच्या हिशेबात नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचायचे म्हणजे इंग्रजी पत्रकाचे स्पॅनिश भाषांतर करायचे, इतकीच बहुतेकांची समजूत होती. त्या पत्रकांतही स्पष्ट काही लिहिण्याची सोय नव्हती, कारण ऑक्टोबर १९८७ मध्ये सिनेटर जेसी हेल्म्स यांनी मांडलेली दुरुस्ती सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी संमत केली होती आणि समलिंगी संबंधांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष उत्तेजन देणाऱ्या मजकुरावर संघराज्याचा पैसा खर्च करण्यास तिने मनाई केली होती. याच वर्षी एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात येण्यास आणि स्थायिक होण्यास बंदी झाली. ती जानेवारी २०१० पर्यंत उठली नाही. म्हणजे एका स्थलांतरित समलिंगी माणसाला सरकार एकीकडे चाचणी करून घे असे सांगत होते आणि दुसरीकडे, चाचणीत दोष निघाला तर तुझा इथे राहण्याचा मार्ग बंद होईल, असेही सांगत होते. अशा माणसाने चाचणी टाळली तर त्याला अजाण म्हणता येत नाही. आपल्यापुढची परिस्थिती त्याला पुरेपूर कळलेली होती.

मिशनमध्ये याआधीच काही पाया घातला गेला होता. इन्स्टिट्यूटो फामिलियार दे ला रासा ही मानसिक आरोग्याची संस्था १९७८ पासून वस्तीत काम करत होती आणि तिने एचआयव्ही असलेल्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. लॅटिनो समलिंगी पुरुषांची आगिलास ही संस्था १९९१ साली स्थापन झाली. पण या सर्वांत मला सर्वाधिक शिकवणारी वाटते ती १९९३ साली सोळाव्या रस्त्याच्या परिसरात सुरू झालेली प्रोयेक्तो कोंत्रासिदा पोर विदा ही संस्था.

प्रोयेक्तोने रोगापासून सुरुवात केली नाही. तिथे फुकट वर्ग चालत, त्यांना ‘कोलेहिओ’ म्हणजे महाविद्यालय असे नाव होते; कुणी छायाचित्रण शिके, कुणी लेखन, कुणी रंगमंचासाठी स्त्रीवेश कसा करावा हे शिके. स्त्रियांचा ‘लास दियाब्लितास’ नावाचा फुटबॉल संघ होता. समलिंगी पुरुष, समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रिया, ट्रान्स स्त्रिया, तरुण मुले या सगळ्यांना एकाच छताखाली जागा होती, आणि शरीरसुखाबद्दल लाज न बाळगता स्पॅनिशमध्ये, इंग्रजीमध्ये आणि दोन्हींच्या मिश्रणात बोलले जाई. १९८० साली क्युबाच्या मारिएल बंदरातून निघालेल्या निर्वासितांच्या बोटींतून आलेली आदेला वास्केस ही ट्रान्स कार्यकर्ती इथेच ट्रान्स स्त्रियांमध्ये काम करू लागली. काम करणारे आणि कामासाठी येणारे यांच्यात भिंत नव्हती. आज वर्गात बसलेली व्यक्ती उद्या रस्त्यावर निरोध वाटायला जाई आणि परवा पगारी कार्यकर्ती होई.

हे आरोग्याचे काम कसे, असा प्रश्न करदाता विचारू शकतो आणि त्याला तो अधिकार आहे. त्याचे उत्तर त्याच काळात मानसशास्त्रज्ञ राफाएल दियास आणि त्यांचे सहकारी शोधत होते. दियास यांनी मिशनमधल्याच एका आरोग्य केंद्राच्या आधाराने ‘एर्मानोस दे लूना इ सोल’ हा गट उभा केला होता. त्यांचे निरीक्षण असे होते, की निरोध का वापरायचा हे बहुतेक पुरुषांना ठाऊक होते, तो वापरण्याची इच्छाही होती, तरीही ऐन वेळी ते घडत नव्हते. पुढे मायामी, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील ९१२ लॅटिनो समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लहानपणापासून सोसलेला समलिंगीद्वेष, वर्णद्वेष आणि गरिबी यांचा थेट संबंध एकटेपणाशी, खचलेल्या मनाशी आणि आत्मसन्मानाच्या ऱ्हासाशी आहे, आणि कुटुंबाची स्वीकृती व समलिंगी मित्रांचा सहवास यांमुळे त्यातून सावरण्याचे बळ मिळते, असे त्या अभ्यासातून दिसले. ज्याला लहानपणापासून ‘तू घराण्याला काळिमा आहेस’ असे ऐकावे लागले, दिवसभर मालकाची बोलणी खावी लागली आणि महिनाअखेरीस भाड्यासाठी उसने मागावे लागले, त्याला आपल्या दहा वर्षांनंतरच्या प्रकृतीची काळजी करायला सांगण्याआधी, आपण दहा वर्षांनंतरही असावे असे त्याला वाटले पाहिजे. फुटबॉलचा संघ, लेखनाचा वर्ग आणि आपल्यासारखी दहा माणसे भेटण्याची ठरलेली संध्याकाळ ते वाटणे निर्माण करतात. म्हणून फुटबॉल हे आरोग्याचे काम आहे. चाचणी त्यानंतर येते, आणि मग ती करून घेण्यासाठी फार समजावावे लागत नाही.

प्रोयेक्तो २००५ साली बंद पडली. तिच्या अंतर्गत कारभाराचा न्याय करणे हा या लेखाचा हेतू नाही. मात्र तिच्या अखेरच्या वर्षांत बदललेल्या धोरणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. २००३ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने एचआयव्ही प्रतिबंधाचा भर चाचण्यांवर आणि आधीच संसर्ग झालेल्यांवर आणला. त्याबरोबरच, एका ठिकाणी प्रयोग करून सिद्ध झालेले कार्यक्रम ठरावीक पुस्तिकेनुसार दुसरीकडे राबवण्याची पद्धत रुजत गेली. पैसा चाचण्यांच्या संख्येशी आणि पुस्तिकेतल्या सत्रांशी बांधला गेला, तेव्हा महाविद्यालय आणि फुटबॉल संघ कोणत्याच रकान्यात बसेनात. प्रोयेक्तो बंद पडल्यावर पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिच्यातल्या ट्रान्स स्त्रियांच्या कामातून एल/ला पारा ट्रान्सलॅटिनास ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक अलेक्झांड्रा रॉड्रिगेस दे रुइस आणि दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया ओचोआ. समुदायाने राखेतून काही वाचवले, पण जे वाचले नाही त्याची नोंद कुठल्याच लेखापरीक्षणात होत नाही. ओळखी तुटल्या, अनुभवी माणसे दुसऱ्या कामाला लागली, आणि कुठे जायचे हे ज्यांना माहीत झाले होते त्यांना पुन्हा काही माहीत राहिले नाही.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे. सार्वजनिक पैसा मोजमापाविना कसा द्यायचा? चाचण्यांचा आकडा निदान खोटा बोलत नाही, त्यात वशिलेबाजीला वाव नसतो. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण ‘समुदाय’ या नावाखाली चार जणांनी खुर्च्या अडवून बसण्याचे प्रकार सर्वत्र होतात. तरीही, अग्निशमन केंद्राला आपण विझवलेल्या आगींच्या संख्येवर पगार देत नाही. केंद्र सज्ज आहे का, गाड्या चालू आहेत का, माणसे प्रशिक्षित आहेत का, हे आपण तपासतो, आणि वर्षभर आग लागली नाही म्हणून ते बंद करत नाही. वस्तीतल्या आरोग्यसंस्थेचीही तपासणी अशीच व्हावी: हिशेब उघडे आहेत का, कार्यकर्ते टिकतात का, ज्यांच्यासाठी संस्था आहे ते लोक नियामक मंडळात मतासह बसतात का, नवी साथ आल्यास संस्था किती दिवसांत उभी राहील. हे प्रश्न चाचण्या मोजण्यापेक्षा अवघड आहेत, पण त्यांतून कामाचा खरा अंदाज येतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोक घेतात. मोठ्या रुग्णालयांनी स्पॅनिश बोलणारे, क्वीअर लोकांबद्दल प्रशिक्षित कर्मचारी नेमले की पुरे. लहान संस्थांचा गोतावळा कशाला, असे ते म्हणतात. यावर मिशनमध्येच एप्रिल २०२० मध्ये जे घडले त्याचा विचार करावा. त्या महिन्याच्या अखेरीस चार दिवस मिशनमधल्या एका जनगणना विभागात सर्वांसाठी कोविडच्या चाचण्या झाल्या. विद्यापीठाच्या बाजूने नेतृत्व डॉ. डायान हॅवलिर यांच्याकडे होते. वॉर्ड ८६ ज्याच्या अखत्यारीत येते, त्या एचआयव्ही विभागाच्या त्या तेव्हा प्रमुख होत्या. वस्तीच्या बाजूने मार्चमध्येच एकत्र आलेली लॅटिनो टास्क फोर्स होती, आणि दोघांच्या भागीदारीला ‘उनिदोस एन सालुद’ असे नाव मिळाले. घरोघरी जाऊन लोकांना आणण्याचे काम वस्तीतल्याच माणसांनी केले. निष्कर्ष हादरवणारे होते. तपासणी झालेल्यांत लॅटिनो निम्म्याहून कमी होते, परंतु बाधितांत ते ९५ टक्के होते, आणि बाधितांपैकी सुमारे ९० टक्क्यांना घरून काम करण्याची सोय नव्हती.

यापुढे जे झाले ते माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या रुग्णालयाने बाधिताला ‘चौदा दिवस घरात थांबा’ असे सांगून फाइल बंद केली असती. वस्तीच्या प्रतिनिधींना ठाऊक होते, की चौदा दिवसांची मजुरी बुडवणे या लोकांना शक्य नाही आणि म्हणून चाचणीच नको, असे ते म्हणतील. त्यामुळे निकालासोबत अन्नधान्याची पिशवी, औषधे आणि रोजचा दूरध्वनी यांची व्यवस्था झाली. जुलै २०२० मध्ये शहराने ‘राइट टू रिकव्हर’ ही योजना सुरू केली, तिच्यात आजारपणाची पगारी रजा नसलेल्या बाधिताला दोन आठवड्यांच्या किमान वेतनाइतके १,२८५ डॉलर मिळत आणि त्याला स्थलांतराचे कागद विचारले जात नसत. पुढे चोविसाव्या रस्त्यावरच्या रेल्वे स्थानकाच्या चौकात चाचण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२१ पासून जवळच लसीकरण सुरू झाले. ही अक्कल दुभाष्या नेमून येत नाही. मजुरीचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे बैठकीत ठणकावून सांगणारा आणि ज्याचे म्हणणे टाळता येत नाही असा माणूस तिथे बसलेला लागतो. तो माणूस त्या आठवड्यात निर्माण झालेला नव्हता. एचआयव्हीच्या काळापासून वस्तीत चाललेल्या कामाने तशी माणसे घडवलेली होती.

कागदपत्रांचा मुद्दा मला अधिक विस्ताराने मांडला पाहिजे, कारण निर्णयाचा अधिकार वस्तीकडे का हवा याचे सर्वांत कठोर कारण त्यात आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्यांना बहुतेक सार्वजनिक आरोग्यसेवा नाकारणारा प्रस्ताव १८७ मंजूर केला. न्यायालयाने तो अडवला, पण भीती अडवता आली नाही. जवळपास तीस वर्षांनी, जानेवारी २०२४ पासून, त्याच राज्याने कागदपत्रे नसलेल्या सर्व वयाच्या गरिबांसाठी मेडी-कॅल ही आरोग्ययोजना खुली केली. नावे नोंदवा, घाबरू नका, असे सांगत वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या दारोदार गेल्या. जून २०२५ मध्ये असे उघड झाले, की संघराज्याच्या आरोग्य प्रशासनाने कॅलिफोर्नियासह काही राज्यांतल्या लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या अंतर्गत सुरक्षा विभागाच्या हवाली केली. राज्ये न्यायालयात गेली. त्याच जूनमध्ये राज्याने स्वतः ठरवले, की जानेवारी २०२६ पासून कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवायची. रुग्णालये, शाळा आणि चर्च यांच्या आवारात अटका टाळण्याचे जुने धोरण तर जानेवारी २०२५ मध्येच रद्द झाले होते.

दारोदार गेलेल्या त्या कार्यकर्त्यांनी सरकारच्या शब्दावर आपला शब्द दिला होता. सरकारचा शब्द फिरला तेव्हा वस्तीत तोंड दाखवायची पाळी त्यांच्यावर आली. ज्या ट्रान्स स्त्रीने ग्वातेमालातली मारहाण चुकवून इथे आसरा घेतला आहे, तिला आपले नाव, पत्ता, औषधे आणि लिंगओळख कोणत्या यादीत जाते याची चिंता वाटली, तर ती चिंता वाजवी आहे, आणि ती दूर करण्याची ताकद कोणत्याही शहरी आरोग्याधिकाऱ्यात नाही, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. म्हणून कोणती माहिती घ्यायची, कोणती घ्यायचीच नाही, नावाऐवजी खूण वापरायची का, यादी किती दिवसांनी नष्ट करायची, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांची माहिती आहे त्यांच्या संस्थेकडे असायला हवा. निधी देणाऱ्याने सविस्तर नोंदी मागितल्या तर नाही म्हणण्याची सोय करारातच असली पाहिजे. माहिती नसेल तर ती पळवताही येत नाही.

इथे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या लोरेना बोर्हास यांची आठवण येते. जॅक्सन हाइट्स मराठी माणसाला ७४व्या रस्त्यावरच्या भारतीय दुकानांमुळे परिचित असतो. तिथून जवळच रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या परिसरात ही मेक्सिकन ट्रान्स स्त्री वर्षानुवर्षे रात्री फिरत असे, निरोध आणि अन्न वाटत असे, संप्रेरकांची इंजेक्शने घेणाऱ्यांना स्वच्छ सुया मिळवून देत असे आणि आपल्या घरातच एचआयव्हीच्या चाचण्या भरवत असे. पकडल्या गेलेल्या ट्रान्स स्थलांतरितांच्या जामिनासाठी तिने निधी उभा केला. तुरुंगातून बाहेर काढणे, वकील गाठणे, सुई बदलून देणे आणि चाचणी करणे ही तिच्या लेखी एकाच कामाची अंगे होती, आणि मला वाटते सार्वजनिक आरोग्याची तिची समज अनेक खात्यांपेक्षा पूर्ण होती. ३० मार्च २०२० रोजी कोविडने तिचा मृत्यू झाला. इतके मोठे काम एका स्त्रीच्या अंगावर आणि तिच्या घरावर पडले होते, ही गोष्ट तिच्या थोरवीइतकीच त्या शहराच्या नियोजनाबद्दलही बरेच सांगते.

निधीचा ओघ वॉशिंग्टनमधल्या एका सहीने थांबू शकतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला परके नाही. कल्याण आणि पुण्यातले ‘मित्र क्लिनिक’, जिथे ट्रान्स व्यक्तींना संप्रेरकांचे उपचार, समुपदेशन आणि एचआयव्हीची सेवा बहुतांशी त्यांच्याच समुदायातल्या माणसांकडून मिळत होती, ते अमेरिकेच्या मदतीवर चालत होते आणि जानेवारी २०२५ मध्ये ती मदत गोठवली गेल्यावर बंद पडले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशांमुळे सॅन फ्रान्सिस्कोतल्या संस्थांचेही अनुदान धोक्यात आले. ट्रान्स लोकांचे अस्तित्व मान्य करणाऱ्या कामाला पैसा नाही, असा त्या आदेशांचा आशय होता. फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशनसह अनेक संस्था न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये त्यांना अंतरिम दिलासा मिळाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या सांगलीच्या ‘संग्राम’ने २००५ साली, मदतीसाठी अमेरिकेने सक्तीच्या केलेल्या देहविक्रयविरोधी प्रतिज्ञेवर सही करण्याऐवजी अमेरिकेचा पैसा सोडला होता, ते धैर्य मोठेच होते, पण प्रत्येक संस्थेला तत्त्व आणि दवाखाना यांतले एक निवडायला लावणारी व्यवस्था चुकीची आहे. संस्थेचा पाया स्थानिक पैशावर असावा आणि संघराज्याचा वा परदेशी निधी त्यावरची भर असावी, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

समुदायाच्या हाती निर्णय देणे हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९९० चा रायन व्हाइट कायदा वाचावा. एड्सच्या उपचारांसाठी शहरांना मिळणारा पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवणाऱ्या नियोजन परिषदेत किमान ३३ टक्के सदस्य एचआयव्हीसह जगणारे, त्या सेवा स्वतः घेणारे आणि निधी घेणाऱ्या संस्थांशी बांधलेले नसलेले असावेत, असे त्या कायद्याखाली बंधन आहे. १९८३ साली डेन्व्हर येथे जमलेल्या एड्सग्रस्तांनी आपल्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात आपल्याला स्थान हवे, अशी मागणी केली होती. ती पुढे कायद्यात उतरली आणि त्यामुळे व्यवस्था कोसळली नाही. हेच तत्त्व प्रतिबंधाच्या निधीला, ट्रान्स लोकांच्या सेवांना आणि लसीकरणाला लावण्यात कोणतीही तात्त्विक अडचण नाही. मात्र परिषद इंग्रजीत चालते, दुपारी भरते आणि बसण्याचे पैसे देत नाही, तोपर्यंत तिथे भांडी घासणारा येणार नाही, इंग्रजी बोलणारा पदवीधर लॅटिनोच येईल. समुदायाच्या आतली ही दरी मला बाहेरच्या दरीइतकीच चिंतेची वाटते. लॅटिनो संस्थांमध्येही संचालकपद इथे जन्मलेल्याकडे आणि रस्त्यावरचे काम नुकत्याच आलेल्याकडे जाण्याचा धोका कायम असतो, आणि त्यावर संस्थांनी स्वतः बोलले पाहिजे.

शहराची नैतिक जबाबदारी इथे आणखी एका कारणाने वाढते. मिशनमधले लॅटिनो लोकसंख्येचे प्रमाण २००० साली ६० टक्के होते, ते २००९ ते २०१३ या काळात ४८ टक्क्यांवर आले. घरभाडी वाढली आणि कुटुंबे दूरच्या गावांत गेली. संस्थेची माणसे पन्नास किलोमीटरांवरून येऊ लागली आणि संस्थेच्या जागेचे भाडे तिच्या कार्यक्रमांपेक्षा महाग झाले, की संस्था कागदावर जिवंत राहूनही वस्तीतून संपते. शहराच्या लोकसंख्येत लॅटिनो लोक सुमारे १५ टक्के असताना एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचा वाटा गेल्या काही वर्षांत दुपटीहून जास्त राहिला आहे. एकूण नवी निदाने वर्षाला दोनशेच्या खाली आली याबद्दल शहर स्वतःची पाठ थोपटते, आणि ती घट खरीच आहे. पण उरलेला आजार कुठे साठतो आहे हे पाहिले तर पुढचा पैसा कुठे जायला हवा ते उघड आहे.

त्यासाठी शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने जुलैपासून सुरू होणाऱ्या अर्थसंकल्पात तीन गोष्टी लिहून द्याव्यात. मिशनमधल्या क्वीअर आणि ट्रान्स लॅटिनो संस्थांशी दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार नसलेले, किमान दहा वर्षांचे करार शहराच्या स्वतःच्या निधीतून व्हावेत. त्यांच्यासाठी वस्तीतच जागा विकत घेऊन ती विश्वस्त पद्धतीने त्यांच्या नावे ठेवावी. आणि रस्त्यावर उतरून हे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सार्वजनिक रुग्णालयातल्या समकक्ष कर्मचाऱ्याइतका पगार, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन द्यावे. कारण आज ज्या स्त्रिया इतरांना प्रेपची माहिती देत फिरतात, त्यांनाच दुसरी नोकरी केल्याशिवाय या शहरात भाडे भरता येत नाही, आणि दुसऱ्या नोकरीची वेळ झाली की त्यांना दारे ठोठावणे अर्धवट सोडून निघावे लागते.